वास घेतलेली शेवंती

तीर्थस्वरूप अप्पामामा,

पुंडलिकनगरहून तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का? मामीचा खोकला थांबला का? इकडे सगळे धडधाकट आहेत, मी सोडून. मी रागानं आजारी आहे. (हे फोनवर सांगता येत नाही. आई शेजारी बसून ऐकते आणि मधेच उत्तरंही देते. म्हणून हे पत्र हातोहात पाठवते.)

आमच्या अंगणातल्या पिवळ्या शेवंतीवर एक कोळी राहतो. हा जाळं विणत नाही. फुलात दबा धरून बसतो आणि हळूहळू फुलाचा रंग घेतो. आला तेव्हा पांढराशुभ्र होता, आता लोण्यासारखा पिवळसर झालाय. मोबाइलला चिमट्याचं भिंग लावून मी रोज सकाळी त्याचा अगदी जवळून फोटो काढते. दहा दिवसांचे दहा फोटो शनिवारी पाठवले, तर कोळ्यांच्या अभ्यास-शिबिरात मला जागा मिळू शकते. घरातली पहिली पदवीधर म्हणून मला वाटलं, विज्ञान आपल्या दारातूनच सुरू व्हावं. दारात आई उभी होती.

भिंग फुलापासून दोन बोटांवर धरावं लागतं, त्यामुळे नाकही तिथंच येतं. चौथ्या दिवशी आईनं ते पाहिलं आणि ओरडली, "अगं, वास घेतलेलं फूल देवाला चालतं व्हय?" मी श्वास रोखून धरते, नाहीतर फोटो हलतो, हे सांगेपर्यंत तिनं ते फूल खुडून कचऱ्याच्या बादलीत टाकलं होतं, कोळ्यासकट. कांद्याच्या सालींतून मी त्याला शोधून काढलं आणि दुसऱ्या फुलावर बसवलं. (बाबा म्हणाले, "एवढं शिकून पोरगी किडे गोळा करती." कोळी हा किडा नव्हे, हे त्यांना चारदा सांगून झालंय.)

मग मला एक युक्ती सुचली. शेजारच्या वच्छलाबाई पूजेसाठी रोज आमच्याकडून परडीभर फुलं नेतात. आज सकाळी मी त्यांच्यादेखत झाडावरच्या एकूणएक फुलाचा मोठ्यानं वास घेतला. म्हटलं, आता देवाला चालणार नाहीत, म्हणजे कुणी तोडणार नाही. वच्छलाबाई जराही रागावल्या नाहीत. "बरं झालं बाई," त्या आईला म्हणाल्या, "देवाला नाय तर नाय. परवा लग्न हाय, वेणीला लई झाली." आणि आई हो म्हणाली! मामा, परवा म्हणजे माझा फक्त सातवा दिवस.

तुमची हताश,
प्रेरणा

ता.क. खरं काम असं, की आई फक्त तुमचं ऐकते. शनिवारपर्यंत शेवंतीला कुणाचा हात लागू देऊ नको, एवढं तिला फोन करून सांगा. कारण काहीही द्या, विज्ञान सोडून.

ता.क. २. फोन करू नका. पत्र रात्रभर टेबलावर राहिलं आणि आईनं वाचलं. म्हणाली, "दाखव बरं तुझा तो पाहुणा." मोबाइलवर मोठा करून दाखवला. तिनं बोट ठेवून डोळे मोजले. "आठ डोळे! अन् मला दोन असून ह्यो दिसला नाय व्हय गं?" आत्ता ती फाटकाशी उभी राहून परडी घेऊन आलेल्या वच्छलाबाईंना परतवून लावतेय. त्यामुळे आमचे आणि त्यांचे, दोन्ही घरचे देव फुलांवाचून बसलेत. पडेगावच्या तुमच्या मळ्यातली शेवंती शनिवारपर्यंत रोज पाठवा. आईचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिते: "दादाला म्हणावं, फुलं झटकू नको. कोण बसलं असंल सांगता येत नाय."