झोपेचा आजार हिला आहे

३ मार्च, सोमवार. संध्याकाळ.

हृदयाच्या डॉक्टर नूतन मॅडमकडे जाऊन आलो. दिवाळीत स्टेंट बसवला तेव्हापासून दर महिन्याला ही हजेरी. स्टेंट एकदम ओके. बीपी मात्र इतक्या गोळ्या खाऊनही खाली यायला तयार नाही आणि ठोके मधूनच चुकतात. यात माझा काय दोष? गोळ्या त्यांच्या.

मॅडमनी एकदम विषयच बदलला. झोपेत घोरता का? दिवसा पेंग येते का? झोपेत श्वास थांबतो असं कुणी सांगितलंय का? मी म्हटलं, झोपेतलं मला कसं माहीत असणार? मग त्यांनी रुक्माबाईला विचारलं. ही तोंड उघडणार तेवढ्यात मी हिच्यातर्फे सांगून टाकलं की तसं काही नाही. बाहेरच्या माणसासमोर नवरा-बायकोत एकवाक्यता हवी.

नंतर टेप काढून माझी मान मोजली. जाड आहे म्हणे. नोकरीभर ताठ ठेवलेली मान आहे, जाड होणारच.

मॅडमचं म्हणणं असं, की काहींचा घसा झोपेत बंद होतो, श्वास अडतो, ऑक्सिजन उतरतो आणि सगळा ताण हृदयावर येतो. स्लीप ॲप्निया. हृदयाच्या पेशंटमध्ये हा गुपचूप बसलेला असतो, म्हणून तपासायचा. घरीच एक रात्र मशीन लावून झोपायचं. स्पष्ट नकार दिला. मी एसटीचा वाहतूक नियंत्रक होतो. धुळे डेपोत जन्म रात्रपाळीत गेला, पण केबिनमध्ये कधी डुलकी घेतली नाही. डोळे मिटून गाड्यांचे आवाज ऐकायचो. एकदा दोंडाईच्याची गाडी शिरपूरच्या फलाटावर लागली, तो ड्रायव्हरचा गाढवपणा होता.

संकल्प: टेस्ट करणार नाही. कोणी कितीही म्हणो.

६ मार्च, गुरुवार.

दुपारी पेपर वाचला. जागा झालो तेव्हा पेपर छातीवर होता. ‘जागा झालो’ हे चुकून लिहिलं. ‘भानावर आलो’ म्हणायचं होतं.

रुक्माबाईचं काही ठीक दिसत नाही. डाळीत मीठ दोनदा. तांदूळ निवडता निवडता सुपावरच डुलकी. डोळ्यांखाली काळं. मी शांतपणे विचारलं तर अंगावर खेकसली. पूर्वी ही अशी नव्हती.

शिवाय रात्री मला ढोसते. खांदा धरून गदागदा हलवते. काय झालं विचारलं तर म्हणते, काही नाही, झोपा. माणसाने रात्रीतून किती वेळा ‘झोपा’ ऐकायचं?

७ मार्च, शुक्रवार. सकाळी.

उलगडा झाला!

मॅडमनी सांगितलेली लक्षणं आठवून पाहिली. दिवसा पेंग, चिडचिड, विसराळूपणा, सकाळी डोकं जड. एकूण एक लागू पडतात. हिला! आजाराचं नाव बरोबर निघालं, पेशंट चुकला. डॉक्टर लोक घाईत असतात, त्यांना दोष देत नाही.

प्रशीलला सांगितलं. चिरंजीव नरडाण्याला कंपनीत सुपरवायझर आहेत. हल्ली स्वयंपाकघरात गादी टाकून झोपतो. तिथे गार वाटतं म्हणे. गॅसशेजारी गार वाटणारा हा पहिलाच. माझं निदान ऐकून तो खूप हसला. म्हणाला, पप्पा, टेस्ट कुणाची करायची ते कॉलनीतलं कुत्रंसुद्धा सांगेल. मी म्हटलं, कुत्र्याला मेडिकलमधलं काय कळतं.

१२ मार्च, बुधवार.

मॅडमकडे जाऊन टेस्टला होकार दिला. फार खूश झाल्या. टेस्ट कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मशीन घेऊन घरी आलो.

जेवणं झाल्यावर हिला बांधायला घेतलं तर भडकली. हाई तुमनं मशीन शे, माले कसाले बांधतस, म्हणाली. चिडली की ही अहिराणीवर येते. मीही मग अनाउन्समेंटचा आवाज लावला. हा आवाज लावला की पूर्वी अख्खा डेपो आपापल्या पिशव्या उचलायचा. ही फक्त माझ्याकडे बघत राहिली. शेवटी थकून म्हणाली, बांधा काय बांधायचं ते, आणि तुम्ही तरी झोपा.

बोटाला चिमटा, नाकाखाली नळी, छातीवर पट्टा. सगळं पुस्तिकेप्रमाणे केलं. उशी न्यायला आलेल्या प्रशीलने आईला तसं पाहिलं आणि उशी न घेताच परत गेला. मला शांत झोप लागली. म्हणजे पडून राहिलो.

१५ मार्च, शनिवार.

रिपोर्ट आला. माझ्या नावावर. श्वास उत्तम, ऑक्सिजन उत्तम. कागद फ्रेम करून लावावा असा.

मॅडम मात्र एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, तुमचे ठोके चुकतात, या रिपोर्टात तर अगदी नियमित आहेत. आणि हा माणूस रात्रभर झोपलेलाच दिसत नाही, सारखा उठतोय. मशीन कुणी लावलं होतं? मी म्हटलं, आमच्या घरातलंच माणूस आहे, परकं नाही.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, काका, हृदयाची चेष्टा करू नका. बीपी औषधाला दाद देत नाही त्याचं कारण इथे असू शकतं. एक दिवस झोपेतच काही झालं तर स्टेंट काही करू शकणार नाही. मशीन पुन्हा घेऊन जा आणि या वेळी स्वतः लावा. रुक्माबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. एसीची हवा हिला सहन होत नाही.

माझा निष्कर्ष: निदान सिद्ध झालं. हिला झोप नाही, हे आता कागदावर आहे. पण आपलं चुकलं हे कबूल करायला मोठं मन लागतं, ते मॅडमकडे नाही. मशीन आणलं नाही.

१३ एप्रिल, रविवार.

उद्याच्या जयंतीनिमित्त कॉलनीत व्याख्यान झालं. सूत्रसंचालन माझ्याकडे, कारण एवढा आवाज दुसऱ्या कुणाकडे नाही. पाहुण्यांची ओळख जोरदार करून दिली. मग स्टेजवरच्या खुर्चीत बसून भाषण एकाग्रतेने ऐकू लागलो. माईक हातातच होता.

थोड्या वेळाने स्पीकरमधून भयंकर खरखर सुरू झाली. लोक हसू लागले. मध्येच खरखर एकदम बंद, सगळं शांत. मग आधीच्या दुप्पट जोराने पुन्हा चालू. पाहुण्यांनी भाषण थांबवलं. कुणीतरी माझ्या हातातला माईक काढून घेतला, त्या क्षणी साउंड स्वच्छ झाला. मी उठून सगळ्यांदेखत साउंडवाल्याला झापलं. तो खाली मान घालून हसत होता. काम नीट करायचं नाही आणि वर हसायचं.

रुक्माबाई पहिल्या रांगेत होती. प्रशील सांगतो, खरखर बंद पडली तेव्हा अख्खा मंडप हसत होता आणि ही एकटी घाबरून उभी राहिली होती. खरखर बंद पडल्यावर घाबरायचं काय? उलट बरं वाटायला हवं.

व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मी उघडलेला नाही. संकल्प: पुढच्या वर्षी साउंडचं काम दुसऱ्याला.

१९ एप्रिल, शनिवार. सकाळी.

शेवंताअक्का, माझी थोरली बहीण, जयंतीला दोंडाईच्याहून आली ती अजून आहे. उकाडा असा की खाली झोपवत नाही. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं आणि सगळ्यांनी वरच अंथरुणं टाकायची.

आज चहा घेता घेता अक्का म्हणाली, भाऊ, तू घोरस तवय गच्ची हालस. मी म्हटलं, अक्का, तुला हल्ली ऐकू कमी येतं. म्हणाली, माले कमी ऐकू येस, पन तुन्हं येस.

इथवर मी हसण्यावारी नेलं. मग तिने कप खाली ठेवला. म्हणाली, घोरस त्यानं काही नही, पन तू मधमाच गप व्हयस तवय माले भ्याव वाटस. तुन्ही बायको बठ्ठी रात तुन्हा जोडे बशी ऱ्हास. तुन्हा दम अटकना का तुले हालावस. ती जपस तरी कधय?

रात्रभर माझ्याशेजारी बसते? मग झोपते कधी? मी हिच्याकडे पाहिलं. ही उठून आत गेली.

प्रशीलला विचारलं. तो म्हणाला, हो, दिवाळीपासून. हॉस्पिटलमधून घरी आलात त्या रात्रीपासून मम्मी अशीच बसते. तुम्ही घाबराल म्हणून सांगू नको म्हणाली. मी घाबरणारा माणूस नाही, एवढ्या संसारात हिला हे कळू नये? आत जाऊन हिला चांगलं सुनावलं. एवढं होतं तर डॉक्टरांपुढे बोलायचं होतंस. ही भाकरी थापतच म्हणाली, तुम्ही बोलू दिलं?

प्रश्न गैरलागू होता.

दिवसभर कुठे लक्ष लागलं नाही. पण अक्काचं वय झालंय आणि प्रशील आईच्या बाजूचा आहे. साक्षीदार पक्षपाती आहेत. आता एकच उपाय. स्वतः मशीन लावायचं, रात्रभर टक्क जागं राहायचं आणि या सगळ्यांना खोटं पाडायचं.

२३ एप्रिल, बुधवार.

जागा राहिलो. पूर्ण रात्र. उशीला टेकून बसलो होतो, चेहऱ्यावर पाणी मारलं होतं, डेपोतल्या सगळ्या गाड्या क्रमाने आठवत होतो. साक्रीपर्यंत आलो आणि उजाडलं.

रिपोर्ट म्हणतो, भरपूर झोपलो. आणि त्या झोपेत श्वास तासागणिक इतक्या वेळा थांबला की मॅडमनी आकड्यावर बोट ठेवून मला दाखवला, हिच्यासमोर मोठ्याने वाचला नाही. ऑक्सिजन कुठपर्यंत उतरला तेही दाखवलं. मशीन खराब असेल, असं मी सुचवलं. मॅडमनी मास्कची चिठ्ठी लिहायला घेतली.

आता रोज रात्री नाकावर मास्क लावून झोपायचं. हवेचा दाब घसा मिटू देत नाही. कसा लावायचा, पट्टा किती आवळायचा, हे सगळं मॅडम हिलाच समजावत होत्या आणि ही शाळेतल्या मुलीगत मान डोलावत होती. पेशंट मी की ही?

निघताना सांगितलं, मास्क लावीन, पण आजारासाठी नाही. हिला झोप लागावी म्हणून लावीन. तसं केसपेपरवर लिहा. त्यांनी लिहिलं नाही.

२ मे, शुक्रवार. सकाळी.

मास्क घरी आला. काल रात्री पहिल्यांदा लावून झोपलो. खाली खोलीतच, प्लग तिथे आहे. डोकं हलकं वाटतंय. कूलरमुळे असणार.

उठलो तर ही शेजारी झोपलेली. उन्हं खिडकीत आलेली. माझ्या आधी उठली नाही असा हिचा एक दिवस मला आठवत नाही. दूधवाल्याने हाक मारली, ही हलली नाही. मी हळूच नावाने हाक मारली. उत्तर नाही. पदर हलतोय का पाहिलं, कळेना.

वाकून हिच्या नाकाजवळ तळवा धरला. काहीच लागेना. मग लागला, ऊन ऊन श्वास. पुढचा येईपर्यंत तसाच वाकून राहिलो. आला. त्याच्या पुढच्याचीही वाट पाहिली. एवढी भीती मला ऑपरेशनच्या टेबलावरही वाटली नव्हती.

खाली बसलो.

एका सकाळी माझी ही गत. ही दिवाळीपासून रोज रात्री हेच करत होती, एकटी, आणि दिवसा वर माझी बोलणी खात होती. कसं जमलं, हे हिला विचारायचं आहे.

आता उठवत नाही.