वाट्याचा वकील

माझगाव, ता. ९ नोव्हेंबर १९५६

ती. दादास, रतनचा सा. न. वि. वि.

तार पोचली असेलच. गोदीत पेटी वर चढवताना दोर तुटला आणि पेटी ह्यांच्या उजव्या पायावर आली. नडगी फुटली आहे. पाय राहील की नाही हे दोन महिने तरी सांगता येणार नाही, असे इस्पितळातले डॉक्टर म्हणतात. मला फार भीती वाटते, दादा.

ठेकेदाराकडून भरपाई मिळवायची तर वकील हवा. दोघे पाहिले. गुप्ते वकिलांची फी सव्वाशे रुपये. निम्मी आधी, निम्मी निकालानंतर. स्टँप आणि डॉक्टरचा दाखला यांचा खर्च वेगळा. हरलो तरी फी परत नाही, पण भरपाई येईल ती सगळी आमची. दुसरा चांगदेव, एका वकिलाचा दलाल. त्याला आज काहीच नको. जे मिळेल त्यात अर्धा वाटा, नाही मिळाले तर त्यालाही नाही. माझ्या बांगड्या मोडल्या तर गुप्त्यांचे पहिले पैसे उभे राहतात. हे म्हणतात, दादांना विचार, ते सांगतील तसे करू.

वहिनीला नमस्कार. आमच्यावर माया करतोसच, ती राहू दे.

तुझी रतन


भरडखोल, ता. १५ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. रतन हीस, अनंताचे अ. उ. आ.

पत्र वाचून तुझ्या केसरवहिनीने चूल पेटवली नाही. शिवदासरावांना धीर दे.

बांगड्यांना हात लावायचा नाही. लहानपणी वाटा करताना मोठी कोलंबी गुपचूप आपल्या परडीत सारणारी तू, तुला मी वाट्याचे काय शिकवावे! आपल्या होडीवर पगारी माणूस कधी ठेवलाय का? होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचे वाटे. म्हावरं आलं तर सगळ्यांना, नाही आलं तर होडी हाकणारा तांडेलही रिकामा. म्हणून तर प्रत्येक जण जिवाच्या आकांताने जाळे ओढतो. हरलो तरी फी घेणारा तुझा गुप्ते कशाला घाम गाळील? चांगदेव आपल्या रीतीचा माणूस दिसतो. त्यालाच धर.

मुंबईला निघालेल्या शेजारच्या चंदरबरोबर सुका जवळा पाठवला आहे. प्रकृतीस जप, पत्र लांबवू नकोस.

अनंता


माझगाव, ता. १८ फेब्रुवारी १९५७

ती. दादास, रतनचा सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिले नाही, कारण काय लिहावे ते सुचत नव्हते. तुझ्या सांगण्याप्रमाणे चांगदेवला धरले. महिन्याच्या आत तो ठेकेदाराच्या माणसाला घेऊन इस्पितळात आला. सातशे रुपये आजच घ्या, पुढे कोर्टात वर्ष जाईल, असे म्हणाला. कागदावर पाय बरा होत आला आहे असे लिहिले होते. ह्यांनी अंगठा दिला. कामगारांच्या भरपाईचे खटले पाहणाऱ्या कमिशनरांच्या कचेरीत तो करार नोंदला गेला आणि दारातच चांगदेवने साडेतीनशे मोजून घेतले.

जानेवारीत पाय सडला. गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

मी गुप्त्यांकडे गेले. त्यांनी पैसे न घेता सगळे समजावले. पाय गेला तर किती द्यायचे याचा कायद्यात तक्ताच आहे. आम्हाला अडीच हजारांच्या वर मिळाले असते. त्यासाठी डॉक्टरांचा शेवटचा दाखला येईपर्यंत थांबायला हवे होते. वकिलाला भरपाईत वाटा घेण्याची मनाईच आहे. चांगदेवला एक पैसाही दिला नसता तरी तो काही करू शकला नसता. आता नोंदलेला करार मोडणे फार कठीण आहे, असे ते म्हणाले.

रतन


भरडखोल, ता. २५ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. रतन हीस आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचले. चूक माझी आहे. होडीवर वाटेकरी आपल्याबरोबर दर्यात असतो, बुडालो तर तोही बुडतो. हा मेला किनाऱ्यावर बसला होता. वर्षभर खपून मोठा वाटा घेण्यापेक्षा बसल्या जागी साडेतीनशे त्याला बरे वाटले. हे मला कळायला हवे होते. चाळीस वर्षे होडीवर काढली म्हणून सगळ्या जगाची रीत कळते असे मी समजलो.

खोली सोडा आणि इकडे या. शिवदासरावांना बसून जाळी विणता येतील. माझ्या वाट्यातला अर्धा त्यांचा. माझ्यावर रागावली नाहीस एवढे एका ओळीत कळव, म्हणजे मला अन्न गोड लागेल.

अनंता


माझगाव, ता. ४ मार्च १९५७

ती. दादास, रतनचा सा. न. वि. वि.

शनिवारच्या बोटीने येत आहोत. धक्क्यावर दोन माणसे आण, ह्यांना उचलून उतरवावे लागेल.

हे म्हणतात, दादांनी आपल्या भल्यासाठीच सांगितले. मलाही ते पटते. पण ह्यांना धरून चाळीचा जिना उतरवते तेव्हा तुझा राग येतो, दादा, फार येतो. तू मागितलेली ओळ खोटी लिहू कशी? दुसरीकडे जायला जागा नाही म्हणून तुझ्या घरी येते आहे. वहिनीच्या हाताखाली राबेन, तुला वाढीन, उलट शब्द बोलणार नाही. तूही मला काही विचारू नकोस.

लोभ वाढावा असे या खेपेस लिहवत नाही.

रतन