ब्रेकला तेल

प्रिय मिरचे,

फोन तू उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर निदान वाचून फाड. मला इतका वैताग आलाय की कुणापाशी तरी ओकून टाकल्याशिवाय चैन पडायचं नाही.

आपल्या धाकट्या मालकांनी नवीन खूळ काढलंय. विभागप्रमुख झालेल्या माणसाला म्हणे कोच लागतो. म्हणजे दर आठवड्याला तासभर समोर बसवून आपल्याला शहाणं करणारा कुणीतरी. तिघांची नावं माझ्या हातात दिली. भेटा, पारखा, शुक्रवारी सांगा, नाहीतर मी माझ्या पसंतीचा देईन. घरी सांगितलं तर आई म्हणाली, या वयात कसला खेळ सुरू केलास? तिला समजावता समजावता माझा चहा गार झाला.

पहिल्या गृहस्थांनी गेल्या गेल्या डोळे मिटायला लावले आणि विचारलं, दहा वर्षांनंतरच्या तुम्ही कशा दिसता? मी म्हटलं, गुडघे धरून जिना उतरणारी. ते त्यांना फार नकारात्मक वाटलं. दुसऱ्या बाई बऱ्या होत्या, पण काहीही विचारा, उलट आपल्यालाच, तुम्हाला काय वाटतं? अगं बाई, मला काय वाटतं ते मला कळत असतं तर तुझं दार कशाला ठोठावलं असतं! आणि तिसरा म्हणजे कहरच. भिंतभर प्रमाणपत्रं, तासभर स्वतःचीच टिमकी. त्याच्या इमारतीतली लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबते. निघताना मी ते सांगितलं, तर हसून म्हणतो कसा, तुमची नजर सारखी उणिवांवर जाते, आपण यावर काम करू. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अरे शहाण्या, कुणाची तरी म्हातारी आई तिथे अडखळून पडेल, त्यावर काम कर की!

परत येताना तुझीच आठवण येत होती. आपण दोघी लिफ्ट-दुरुस्तीत नवीन होतो तेव्हा लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात एक आणि वर यंत्राच्या खोलीत एक. वरचीने जे सांगितलं ते खालचीने मोठ्याने परत म्हणायचं, मगच हात लावायचा, ही आपल्या कामाची रीत. मी खाली असले की तू मुकाट्याने ऐकायचीस, पण तू खाली असलीस आणि माझं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की खड्ड्यातून गर्जना यायची, पुन्हा बोल! अख्खी इमारत दचकायची. जिने चढताना मी मागे पडायचे म्हणून मी गोगलगाय, आणि तू का मिरची ते सांगायलाच नको.

विभागप्रमुख म्हणून माझं नाव जाहीर झालं त्या दिवशी मात्र तू हद्द केलीस. सगळे टाळ्या वाजवत होते आणि तू उभी राहून म्हणालीस, हिला काम येतं, पण खुर्चीत बसल्यावर हिला अडवणार कोण? आणि आठवड्याच्या आत बदली मागून दुसऱ्या शाखेत गेलीस. चारचौघांत बोलायची काही गरज होती का? मला अजून राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

पण आता गेल्या सोमवारचं ऐक. सकाळच्या बैठकीत मी हॉस्पिटलच्या लिफ्टचं काम सांगत होते. लिफ्ट ज्या रुळांवरून सरकते त्या रुळांना तेल द्या, असं सांगायचं होतं. तोंडातून निघून गेलं, ब्रेकला तेल द्या. समोर बारा वर्षं मुरलेले मेकॅनिक बसले होते गं! ब्रेकला तेल लागलं तर लिफ्ट थांबेल कशाला, हे यातल्या प्रत्येकाला झोपेतही ठाऊक आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या, हो मॅडम म्हणाले आणि उठले. दुपारी तुझ्या हाताखाली शिकलेल्या त्या उंच पोरीचा हॉस्पिटलमधून फोन आला. तेलाची बुधली हातात घेऊन ती यंत्राच्या खोलीत उभी होती आणि घाबरत घाबरत विचारत होती, मॅडम, ब्रेकला नक्की द्यायचं ना? मी तिला आधी बुधली खाली ठेवायला लावली. तिला विचारलं, सकाळी का नाही बोललीस? तर म्हणाली, तुम्ही सांगितलं म्हणजे काहीतरी कारण असेल. त्या लिफ्टमधून रोज स्ट्रेचर वरखाली जातात, मिरचे. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

म्हणून शुक्रवारी मी मालकांना सांगितलं की माझा कोच ठरला, आणि तुझं नाव दिलं. ते म्हणाले, तिच्याकडे कुठलं प्रमाणपत्र आहे? मी म्हटलं, ती माझ्याशी बोलत नाही, हेच. बिचारे गोंधळले, पण हो म्हणाले. उद्यापरवा तुला त्यांचा फोन येईल. तो तरी उचल. मला तुझी उणीव भासते, हे सरळच लिहून टाकते, न सांगता ते ओळखायला तू आता इथे आहेस कुठे! तुला नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण फोनवर नको आणि मालकांकडून निरोपही नको. इथे ये, माझ्या केबिनमध्ये, दार ढकलून, आणि माझ्या तोंडावर नाही म्हण. तेवढंच करणारं माणूस तर मी शोधतेय.

तुझीच, अजून रागावलेली,
गोगलगाय