रिसीव्हर कसा आहे आणि आई कधी येते

ऐरोली, बुधवार दुपार

प्रिय प्रसाद,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. (पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला 'चिरंजीव' लिहिताना पेन अडखळलं म्हणून ते गाळलं आहे, भावना तीच समजावी.) क्षिप्राला आमची आठवण सांग. तुझी टाच कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेली मऊ चप्पल घरात घालतोस, की खराब होईल म्हणून खोक्यातच ठेवली आहेस? इकडे सगळे बरे आहेत. मीनाचा खोकला गेला. माझी शुगर मी तपासत नाही, त्यामुळे ती व्यवस्थित आहे. आईची तब्येत आपल्या दोघांपेक्षा चांगली आहे. पत्र बघून दचकू नकोस. पाकिटाचा कोपरा फाटलेला असेल तर तो पोस्टात फाटला आहे, मी फाडलेला नाही.

पत्र लिहायचं कारण म्हणजे आमच्या घरात फोनवर बोलायला जागाच उरलेली नाही. हॉलमध्ये आई असते, स्वयंपाकघरात मीना, बेडरूममध्ये रेंज नसते आणि जिन्यात जाऊन बोलावं तर सोसायटीचे सेक्रेटरी पायरीवर पेपर वाचत बसलेले असतात. मी एका वाक्यात अडकलो की ते पुढचा शब्द पुरवतात. तेव्हा रविवारी तू फोनवर दोन गोष्टी विचारल्यास आणि मी दोन्हींना 'बघू' म्हणालो, ते उत्तर नव्हतं. तुझा पहिला प्रश्न, मी घेतलेला होम थिएटरचा रिसीव्हर कसा आहे आणि तूही घ्यावास का. दुसरा, आई म्हणते तिला इथे आवाजाचा त्रास होतो, तर तिला कायमची नाशिकला न्यायला कधी येऊ. दुसरा प्रश्न मला मुळीच आवडला नाही हे आधीच सांगून टाकतो. म्हणून पहिल्याचं उत्तर आधी देतो. दुसऱ्याचं त्यातूनच निघेल असा अंदाज आहे, नाही निघालं तर शेवटी काढीन.

रिसीव्हर म्हणजे एक काळा, जड, बिनचेहऱ्याचा डबा. टीव्हीचा आवाज त्यात जातो आणि तो डबा त्याची वाटणी करून समोरच्या, मधल्या आणि मागच्या स्पीकरांना देतो. शिवाय जमिनीवर एक ठोकळा असतो, त्याचं काम फक्त घुमायचं. निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी करावं म्हणतात, मी हे केलं. घेण्याआधी महिनाभर इंटरनेटवर मालकांची मतं वाचत होतो. (आपल्या लग्नांच्या वेळी बाबांनी एवढी चौकशी केली नव्हती.) एकाने सगळे तारे देऊन लिहिलं होतं, 'पॅकिंग उत्तम, अजून उघडलेला नाही.' दुसऱ्याने एकच तारा दिला होता, कारण सामान घेऊन आलेला माणूस त्याच्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्याची तक्रार की डबा फार तापतो, आणि त्याखाली चौथ्याचं उत्तर, की आमचं मांजर त्यावर झोपतं, आम्ही समाधानी आहोत. आणखी एकाने लिहिलं होतं, 'वडिलांसाठी घेतला. वडील म्हणाले परत कर. केला नाही. वडील बोलत नाहीत. आवाज मस्त.' हे वाचून मी थांबायला हवं होतं, पण माझं लक्ष शेवटच्या दोन शब्दांवर होतं.

डबा आला. मागचा एक स्पीकर देवघराच्या शेजारी बसवावा लागला. आई म्हणाली, देवाच्या कानाशी मारामाऱ्या नकोत. म्हणून त्याचं तोंड जरा बाल्कनीकडे वळवलं, त्यामुळे सिनेमात मागून कोणी हाक मारली तर ती आधी तुळशीला ऐकू जाते. घुमणाऱ्या ठोकळ्यावर मीनाने त्याच दिवशी क्रोशाचा रुमाल घालून फुलदाणी ठेवली. टीव्हीत कुठे बाँब फुटला की फुलदाणी चालत चालत कडेपर्यंत येते आणि मीना उठून तिला परत मधोमध नेऊन ठेवते. रुमाल काढ म्हटलं तर म्हणते, मग तो खोका दिसतो. आणि तापण्याची तक्रार खरी आहे. पुस्तिकेत लिहिलंय की डब्यावर काहीही ठेवू नये, वर मोकळी हवा खेळू द्यावी. आईने वरून हात फिरवून पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून फडक्यात बांधलेली मटकी त्यावर ठेवायला लागली. मोड झकास येतात. हे मत इंटरनेटवर कोणी दिलेलं नव्हतं, तुला म्हणून सांगतो.

आता मुख्य गंमत. या रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. घरात जी बसायची मुख्य जागा असेल तिथे तो कानाच्या उंचीवर ठेवायचा, घर शांत ठेवायचं, मग प्रत्येक स्पीकर शिट्टी मारतो आणि डबा ते ऐकून स्वतःच ठरवतो की कुणी किती ओरडायचं. मुख्य जागा म्हणजे आपली ती बाबांची हाताची खुर्ची. माइकला स्टँड नव्हता, म्हणून खुर्चीत पाट, पाटावर पोळ्यांचा डबा, डब्यावर पालथं पातेलं आणि पातेल्यावर माइक अशी उतरंड रचली. मी सगळ्यांना श्वास रोखायला लावला. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली आणि तिसरी कुकरची झाली. यंत्राने ती मोजली. मीनाने धावत जाऊन गॅस बंद केला, पुन्हा सुरुवात केली, तर शेजारच्या कुकरने साथ दिली. आपल्याकडे सकाळी शिट्टी नसलेली वेळच नाही, हे या यंत्र बनवणाऱ्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. शेवटी दुपारी, सगळी बिल्डिंग जेवून आडवी झाल्यावर, मोजमाप पूर्ण झालं. त्या वेळी आईसुद्धा दिवाणावर झोपली होती आणि (तिला सांगू नकोस) ती घोरत होती. डब्याने जाहीर केलं की मागचा डावा स्पीकर फार मोठ्याने वाजतो आहे, आणि त्याचा आवाज बराच उतरवला. त्याच शिट्ट्यांनी आई दचकून जागी झाली आणि त्या संध्याकाळी, म्हणजे परवाच्या रविवारच्या बऱ्याच आधी, तुझा फोन आला तेव्हा तिने तुला आवाजाचा त्रास सांगितला. तुझ्या प्रश्नाचं मूळ हे एवढंच आहे.

तर आता सगळा आवाज बाबांच्या त्या खुर्चीत बसणाऱ्यासाठी जमवलेला आहे. तिथे बसलं की म्हणे आपण थेट मैदानात, नाही तर पावसात, नाही तर न्यायालयात असतो. 'म्हणे' अशासाठी, की मी तिथे अजून बसलेलोच नाही. घरी कोणी आलं की त्याला आपण ती खुर्ची देतो, हे तू जाणतोसच. पाहुणा उभा आणि आपण खुर्चीत, असं आपल्या घरात झालेलं नाही. आणि नवीन यंत्र ऐकायला माणसं येत राहिली. व्याही येऊन गेले, सेक्रेटरी आले, माझ्या ऑफिसातले दोघे आले, केबलवाला आला तरी आईने त्याला 'बस हो, दमला असशील' म्हणून तिथेच बसवलं. सगळे म्हणतात वा. मी चपलांच्या कपाटाशेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर असतो, तिथे फक्त ठोकळ्याची घुमघुम आणि चपलांचा वास येतो. तेव्हा मालकाचं मत विचारशील तर ते सर्वस्वी ऐकीव आहे.

पाहुणे सरले तेव्हा गोजराबाई आल्या. त्या आमच्या बरोबर खालच्या घरात राहतात. जवळच्याच गावातल्या, आज हा सेक्टर आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती, आणि आवाज चढला की अजून शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलल्यासारख्या बोलतात. त्या तक्रार घेऊनच आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "अवं, तुमचा काय चाललाय वर? माझी मांडनीवरची भांडी वाजतान. मना वाटला म्हातारी पडली, म्हनून धावत आलू!" मी माफी मागायला तोंड उघडलं, पण मीना हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आधी पोचली. सवाशीण बाई पहिल्यांदा घरात आली, तिला तशीच कशी पाठवणार? कुंकू लावलं, खोबऱ्याची वडी दिली, वडी खायला बसवलं आणि अर्थातच त्या खुर्चीत बसवलं. समोर आईची चारची मालिका चालू होती. त्या म्हणाल्या, "अरे देवा, ही सासू तं माझे मानंमंगं बोलतंय!" आणि मागे वळून पाहिलं. तक्रार तिथेच राहिली.

तेव्हापासून चार वाजले की गोजराबाई वर येतात. आई दिवाणावर, त्या खुर्चीत. आईने रिमोट स्वतः शिकून घेतला, आणि काय सांगू, ती आवाज वाढवते. मी ठेवतो त्यापेक्षा वर नेते. गोजराबाईंची भांडी खाली वाजत असतील तर वाजोत, ऐकायला त्या खाली नसतातच. दोघी एकमेकींकडे कलून, एवढ्या मन लावून बघत असतात की मी मीनाला मध्ये चहासुद्धा नेऊ देत नाही. गोजराबाईंचा मुलगा दिपेश हळदी-समारंभांना साउंड पुरवतो, तोही एकदा त्यांना खाली न्यायला म्हणून आला आणि ऐकून गेला. त्याचं जाणकार मत असं, "काका, ठीक हाय, घरात चालंल. पन बेस कुठं हाय? आमचे हलदीला या, तुमचा चष्मा हालला नाय तं सांगा."

म्हणजे प्रसाद, निष्कर्ष असा की रिसीव्हर उत्तम आहे आणि आईला तो अतिशय आवडतो. आवाजाचा त्रास वगैरे काही नाही. तिला नाशिकला न्यायचं कारण मला दिसत नाही. तू म्हणशील, दादा स्वतःच्या सोयीचं बोलतो. बोलतोच आहे. निवृत्त झाल्यावर सकाळी उठून मी कुणासाठी आवरायचं हे मला कळेनासं झालं होतं. आई म्हणते, नंदू दाढी कर, म्हणून मी दाढी करतो. भाजी आणली की ती पिशवी ओतून एकेक वांगं बघते आणि मला नावं ठेवते, आणि मला त्याशिवाय जेवण जात नाही. ती गेली तर मीना आणि मी असे दोघंच राहू, आणि आम्ही दोघं फार समजूतदार आहोत, आम्हाला दिवसभर बोलायचं कारण पडत नाही. मला ती इथे हवी आहे. एवढंच.

बाकी नवल विशेष काही नाही. द्राक्षं आली की पाठव, पण मागच्या वेळेसारखी बसवाल्याकडे नको, अर्धी त्याने खाल्ली होती. टाचेला जप.

तुझा,
नंदूदादा

ता. क. वर रिसीव्हरची स्तुती केली आहे ती बाजूला ठेव. खरी विनंती अशी. तुला जर अजूनही वाटत असेल की आवाजामुळेच आईला त्रास आहे, तर मी डबा, स्पीकर, ठोकळा, सगळ्या वायरी आणि मीनाचा रुमाल असं सगळं गाडीत घालून शनिवारी तुझ्याकडे आणून टाकतो. फुकट घे. मागच्या डाव्या स्पीकरचा आवाज तेवढा वाढव. पण आईला राहू दे.

ता. क. २. यातलं काही आईला फोनवर बोलू नकोस.

ता. क. ३. घरातून पत्र जाताना आईच्या हातचे आशीर्वाद हवेत म्हणून शेवटच्या पानावर जागा सोडली होती आणि तिला तेवढंच पान दिलं. पण तिने जिल्हा परिषदेत आयुष्यभर ठेकेदारांची बिलं तपासली आहेत, वरचं वाचल्याशिवाय खाली काही लिहिणार नाही म्हणते. सगळी पानं द्यावी लागली. खालचं अक्षर तिचं.

चि. प्रसादला अनेक आशीर्वाद. मी घोरत नाही.

तुम्हा दोघांची ठरवाठरवी वाचली. यंत्र कुणाकडे राहावं ते तुम्ही दोघं खुशाल ठरवा. मी कुठे राहावं ते मला विचारायचं असतं, आणि ते अजून एकानेही विचारलेलं नाही. विचारलंत तर उत्तर तयार आहे. सध्या मी इथेच आहे.

यंत्राबद्दल वापरणाऱ्या माणसाचं मत हवं असेल तर देते. यंत्र चांगलं आहे. त्या मालिकेत काय चाललंय ते मला ठाऊक नाही, गोजरालाही नाही. या घरात एक शब्द बोलायची सोय नाही, मीना स्वयंपाकघरातून ऐकते आणि नंदू स्टुलावरून. चार वाजता तो आवाज वर चढवला की आम्हा दोघींना तासभर निवांत बोलता येतं, कुणाला काही ऐकू जात नाही. तुम्हाला वाटेल सुनांबद्दल बोलत असतील. सुना चांगल्या आहेत. आम्ही मुलांबद्दल बोलतो.