हुत्रीदुर्गावर अडकलेले होणारे व्याही

बनशंकरी, बेंगळूर
रविवार

ती. वसुअक्कास बिंदुमाधवाचा वाकून नमस्कार (अर्ध्यापर्यंतच, पुढे कंबर वाकत नाही). तुझे गुडघे स्वल्प तरी बरे असावेत. माझे कालपासून कामातून गेलेत, आणि त्याला कारण तू. आमच्या आर्यासाठी पुण्याचं स्थळ तूच सुचवलंस. (फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.)

मुलगा हर्ष नोकरीसाठी इथेच सर्जापूर रोडला राहतो. चांगला आहे, बोलत नाही. ते काम त्याचे वडील रघुनंदनराव करतात. पुण्याहून आले मुलगी बघायला, पण उप्पीट खाताखाता म्हणाले, माणूस गडावरच कळतो. झालं. काल आम्ही चौघं मागडीपुढच्या हुत्रीदुर्गावर. पडके तट, एकामागून एक दरवाजे, आणि चढ असा की विसरलेले देवही आठवावेत. रघुनंदनराव पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन पुढे. मी म्हटलं, "थांबा की हो." तर म्हणाले, "'की' कशाला? नुसतं 'थांबा' पुरे." थांबले मात्र नाहीत.

वरच्या एका दरवाजात दगड ढासळून फट राहिली आहे. बाजूने सरळ वाट होती, पण शत्रू इथूनच शिरला असणार म्हणत हे सॅकसकट फटीत शिरले आणि अडकले. निम्मे आत, निम्मे आमच्याकडे. तिकडून आवाज चालूच, की ही रचना माणूस अडकावा म्हणूनच केलेली. मला ते पटलं. हर्ष हसून हसून खाली बसला. शेवटी आर्याने "काका, श्वास सोडा" म्हणून सॅकवर पाय ठेवला आणि ढकललं. रघुनंदनराव पलीकडे गेले, पँटची मागची बाजू इकडे राहिली.

आर्याने आपली ओढणी दिली, ती त्यांनी सोवळ्यासारखी गुंडाळली. वरच्या देवळापाशी एका म्हातारीने पुजारी समजून तीर्थासाठी हात पुढे केला. कन्नड कळेना, म्हणून बिचाऱ्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं. तिने ते भक्तीने घेतलं.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
बिंदू

ता. क. रघुनंदनरावांचा होकार आलाय. वेळेला लाथ घालणारी सून त्यांच्या घराला हवीच म्हणे. पण या वयात मला त्यांच्याकडून मराठी शिकायचं नाही. नकार तूच कळव.

ता. क. २. कळवू नकोस. आर्याने पत्र वाचलं, माझ्याशी बोलत नाही. ती आणि हर्ष आज पुन्हा गडावर गेलेत, मोठी माणसं वगळून. तू मात्र पत्र मिळताच निघ. लग्नाची तारीख ठरेपर्यंत रघुनंदनराव आमच्याकडेच राहणार आहेत.