आबांची पांढरी जीभ

ती. आबांस,
आकारामचं दुरूनच तुमच्या पायांवर डोकं.

माधवनगरची गिरणी सोडली. आता पाचगणीला घोडी राखतो. पोटाची काळजी नको. एक घोडी तर लय खट्याळ... ते राहू द्या.

इथं दवाखान्यात एका म्हाताऱ्याची जीभ तुमच्यासारखीच पांढरी दिसली. डॉक्टर म्हणाले, "हा दुधाचा थर नव्हे, बुरशी आहे. खरवडू नका."

आणि मी चारचौघांत ओरडलो होतो, "आबांनी नातवाचं दूध चोरून ढोसलं, जीभ बघा!" तेव्हापासून तुम्ही दुधाला शिवला न्हाई. आता भाकरी तरी गिळवते का?

गावाकडं निघालेल्या जोतिबाकडे जांभळं औषध दिलंय. आईला म्हणावं, कापसानं जिभेला लाव.

आणि आबा, वाटीभर दूध सगळ्यांदेखत प्या. कुणी इचारलं तर सांगा, आकाराम खोटं बोलला होता.

तुमचा तोंडाळ पोरगा,
आकाराम