न वाजवलेला हॉर्न

१२ जानेवारी १९७४, शनिवार. संध्याकाळ

बाबांचा गुडघा खरचटला तो माझ्यामुळं. हे आधी लिहून टाकतो.

डोळे दाखवायला त्यांना फटफटीवर वाशीमला नेत होतो. सडक उखडलेली, म्हणून रूळ काढून नेलेल्या जुन्या लाइनीच्या भरावावर गाडी घातली. याच लाइनीवर बाबांनी गँगमन म्हणून उमर काढली. आता त्यांना माणूस दिसतो तो नुसता सावलीसारखा. तरी मध्येच माझ्या खांद्यावर बोट टेकवून म्हणाले, "शिटी दे. फाटक हाय पुढं."

"कायले? ना फाटक राह्यलं, ना इंजिनाले शिटी द्याची पाटी," मी खेकसलो. हॉर्न दाबायला काय जात होतं माझं?

वळणापलीकडं, जुन्या फाटकाच्या जागीच, तुरीची बैलगाडी भराव ओलांडत होती. ब्रेक मारला, खडीवर घसरलो, दोघंही पडलो. गाडीवरची बाई शिव्या द्यायच्या बेतात. बाबा धोतर झटकत उठले अन् तिच्याकडं हात जोडून म्हणाले, "चूक आमची हाय बाई. शिटी देली नाही आमी."

आमी! हॉर्न तर माझ्या हाताखाली होता. मलाच रागावले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. परतताना वळण दिसताच मी आपणहून हॉर्न दाबला.

"अबे, फाटक लांब हाय अजून," बाबा मागून म्हणाले. थोडं पुढं गेलो. मग खांद्यावर तेच बोट.

"हं. आता दे."